डाव्या हाताची माशी

माशी म्हटलं की आपला हात आधी फडक्याकडे जातो. पण नदीकाठच्या त्या गावात, गळ आणि काठ्या विकणाऱ्या एका दुकानाच्या माडीवर, काही बायका दिवसभर माश्या बांधत बसत आणि त्यावर त्यांची घरं चालत. तिथल्या गार पाण्याच्या नदीत ट्राउट नावाचा मासा असतो. दिसायला देखणा, स्वभावाने संशयी, मुलगी पाहायला आलेल्या म्हाताऱ्यासारखा. पाण्यावर येऊन बसलेला किडा तो खालून निरखतो, पटला तर गिळतो, नाहीतर शेपटी दाखवून निघून जातो. त्याला फसवायला बारीक गळावर दोरा, सशाचे केस आणि कोंबड्याची पिसं गुंडाळून जी खोटी माशी करतात, ती पाण्यावर तरंगावी लागते. बुडाली की सोंग उघडं पडलं. म्हणून तिला कोरडी माशी म्हणतात. नखावर मावेल एवढीशी वस्तू, पण तिला शेपूट असते, अंग असतं, उभे पंख असतात आणि गळ्याभोवती ताठ पिसांची झालर असते. त्या झालरीच्या टोकांवर ती पाण्यावर उभी राहते.

अशी माशी बांधण्यात त्या माडीवर जिचा हात कुणी धरू शकत नव्हतं, तिला सगळे डावरी म्हणत. खरं नाव कागदोपत्री कुठंतरी होतंच, पण नवरासुद्धा शेजाऱ्यांशी बोलताना ‘आमची डावरी’ म्हणायचा. माडीवरच्या तरुण बायका तिला मावशी म्हणत, कारण वयाचा मान ठेवायचा आणि तिच्या जिभेपासून थोडं लांबही राहायचं, ही दोन्ही कामं त्या एका शब्दात होत. जीभ तिखटच होती. आपल्यासारखी माशी या नदीवर कुणी बांधत नाही, हे ती स्वतःच सांगून टाकायची. लोकांनी आपलं कौतुक करावं म्हणून वाट बघत बसणं तिला वेळेची नासाडी वाटे.

तिचा डावा हात लहानपणापासून घरादाराच्या डोळ्यांत खुपायचा. आईने जेवताना त्या हातावर जुन्या उशीच्या खोळीची पिशवी बांधायला सुरुवात केली. शाळेत मास्तरांची पट्टी नेमकी त्याच हातावर पडायची, चूक गणितात असो की व्याकरणात. लग्न झाल्यावर सासूबाईंनी वेगळीच तऱ्हा काढली. डाव्या हाताने दिलेला पाण्याचा पेला त्या घेत, समोरच्या मोरीत ओतत आणि रिकामा पेला परत देत. बोलत काहीच नसत. डावरीने एकेक करून सगळं सोडून दिलं. लिहायला उजव्याने शिकली, आणि अक्षर असं निघालं की तिची चिठ्ठी वाचायला तिलाच बोलवावं लागे. जेवायला उजव्याने, वाढायला उजव्याने, दार उघडायलाही उजव्याने. ती काही गरीब गाय नव्हती. रोजच्या कटकटीचा कंटाळा आला की माणूस शहाण्यासारखं वागायला लागतो, तेवढंच झालं.

माडीवर ती आली ती नवऱ्याच्या बस चालवण्याच्या पगारात भागेना म्हणून. दुकानाचा मालक तेव्हा तरुण होता आणि कायम घाईत असायचा. त्याने तिच्यापुढे एक लहानसा शिकंजा ठेवला, त्याच्या तोंडात गळ घट्ट बसवला, एक नमुन्याची माशी शेजारी ठेवली, दोरा कसा धरायचा ते घाईघाईने दाखवलं आणि खालून गिऱ्हाइकाची हाक आली म्हणून जिना उतरून गेला. आसपास सांगणारं कुणी नव्हतं. डावरीने थोडा वेळ उजव्या हाताने खटपट केली. मग इकडेतिकडे पाहिलं, शिकंजाचं तोंड उलट्या बाजूला फिरवलं आणि दोरा डाव्या हातात घेतला. मालक परत आला तेव्हा तिसरी का चौथी माशी चालू होती. त्याने एक उचलली, उजेडात धरली, फुंकर मारून झालर पाहिली आणि म्हणाला, उद्यापासून या.

त्याने माशी पाहिली, हात पाहिलाच नाही. असं तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. घरी जाताना ती रस्त्यात एकदा थांबली आणि रडली, आणि मग स्वतःवरच वैतागून भाजी घ्यायला गेली. त्या दिवसापासून शिकंजासमोरची ती हातभर जागा तिचं माहेर झाली. बाकी सगळीकडे ती सून होती. पुढे वर्षं गेली, सासूबाई गेल्या, मुलं मोठी होऊन आपापल्या गावी गेली, नवरा निवृत्त होऊन गुडघे चोळत घरात बसला. पण माडीवर गेलं, शिकंजाचं तोंड आपल्या बाजूला वळवलं, दोऱ्याला मेण लावलं की डावा हात आपसूक पुढे यायचा आणि कुणी काही बोलायचं नाही.

मग जावईबापू आले.

मालकाचं वय झालं होतं. कानाने कमी ऐकू येई, जिना चढवत नसे. तो खाली दुकानात काठ्या पुसत बसे आणि वरची व्यवस्था त्याने जावयाच्या हाती दिली. जावई आधी पुठ्ठ्याची खोकी करणाऱ्या कारखान्यात होता. माणूस वाईट नव्हता, आणि अडचण तीच होती. वाईट माणसाशी कडाकडा भांडून मोकळं होता येतं; हा कधी आवाज चढवायचा नाही, सगळ्यांना अहो-जाहो करायचा, आणि मनात आलेलं करूनच सोडायचा. दोनेक दिवस तो माडीवर हात मागे बांधून फिरला आणि त्याला दिसलं की इथे प्रत्येक बाई एका माशीसाठी दहा वस्तू उचलते आणि दहा वस्तू खाली ठेवते. खोक्याच्या कारखान्यात असं चाललं असतं तर खोकी कधी झालीच नसती, असं तो म्हणाला. कुणी हसलं नाही म्हणून त्याला वाटलं सगळ्यांना पटलं.

सुताराला बोलावून त्याने लांब टेबलावर लाकडी खाच बसवून घेतली. आता शिकंजे त्या खाचेतून सरकणार होते. पहिली बाई फक्त शेपूट बांधणार आणि दोरा तसाच लोंबता ठेवून शिकंजा पुढे ढकलणार. दुसरी तोच दोरा उचलून सशाचे केस पिळून अंग करणार. तिसरी पंख उभे करणार, चौथी झालर फिरवणार आणि शेवटची बाई गाठ मारून त्यावर रोगणाचा थेंब देणार. आठवड्याभरात बायकांची नावंही तशीच पडली. शेपटीवाली, पंखवाली, झालरवाली. गाठ मारणारी बाई अंगाने जाड होती, तिला गाठोडं म्हणायला लागले आणि ती स्वतःच त्यावर सगळ्यांत जास्त हसली. डावरीच्या वाट्याला अंग आलं.

पहिल्याच सकाळी घोडं पेंड खायला लागलं. उजव्या हाताच्या बायका गळावरून दोरा आपल्यापासून लांब नेत गुंडाळतात. डावरी समोर आलेल्या शिकंजाचं तोंड उलटं फिरवून घेई, हात डावा, म्हणून तिचे वेढे बरोबर उलटे पडायचे. स्वतःची माशी स्वतःच पुरी करताना त्याने काही बिघडत नव्हतं, कारण पहिल्यापासून शेवटपर्यंत वेढे एकाच दिशेने जात. पण आता शेपटीवालीने बांधलेली शेपूट डावरीचा पहिलाच वेढा सोडवी. ती शेपूट पुन्हा बांधून घेई, वर छान निमुळतं अंग चढवी आणि शिकंजा पुढे ढकली. पंखवाली दोरा उचलून आपल्या सवयीने एक वेढा देई की ते अंग सैल पडे, दुसऱ्या वेढ्याला खाली उतरे.

“मावशी,” पंखवाली म्हणाली, “तुमची माशी माझ्यासमोर कपडे काढतेय.”

टेबलभर हशा पिकला. डावरीही हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पंखवाली वयाने सगळ्यांत लहान, घरी तान्हं मूल ठेवून येणारी, आणि बोलायला फटकळ, त्यामुळे डावरीचा तिच्यावर जीव होता. दाराशी उभा असलेला जावई मात्र हसला नाही. त्याने जवळ येऊन उतरलेलं अंग पाहिलं, मग डावरीचा शिकंजा पाहिला आणि मग, इतक्या वर्षांत त्या माडीवर कुणी पाहिला नव्हता तो, तिचा डावा हात पाहिला. उजव्या हाताने करा, तो अगदी अदबीने म्हणाला. सवय होईल.

तिने करून पाहिलं, नाही असं नाही. काही दिवस ती उजव्या हाताने अंग बांधत राहिली. केस कुठे दाट, कुठे विरळ. माशीला पाचवा महिना लागलाय असं वाटावं अशी पोटं यायची. जीभ दाताखाली धरून ती काम करायची आणि घरी येईपर्यंत मानेत कळा यायच्या. तिला त्या कळांचं काही नव्हतं. टेबलाखाली मांडीवर डावा हात नुसता पडलेला असायचा आणि उजवा चुकला की त्याची बोटं आपोआप हलायची, त्याने तिला घरी जाऊन जेवण जाईना.

नवऱ्याने समजावलं. जन्मभर बस चालवल्यामुळे त्याला सगळ्या गोष्टी रस्त्यावरच दिसत.

“अगं, गाडी रस्त्याच्या कुठल्या बाजूनं चालवायची हे ड्रायव्हर ठरवत नाही.”

“रस्ता सरकारचा असतो,” ती म्हणाली. “हात माझा आहे.”

त्यावर त्याने आमटीत मीठ कमी आहे असं सांगितलं.

जावई मात्र खरोखरच विचार करणारा माणूस होता. बाई जुनी, सासऱ्यांच्या मर्जीतली, आणि उजव्या हाताने तिला जमत नाही हे त्याला कळत होतं. त्याने एक तोड काढली आणि ती ऐकून माडीवर सगळ्यांनी माना डोलावल्या. डावरीने बांधूच नये, अंग शेपटीवालीनेच करावं. दाराशी एक वेगळी खुर्ची, समोर भिंगाचा दिवा, आणि शेवटी आलेली प्रत्येक माशी तिने तपासायची. बरी असेल ती डबीत, वाईट असेल ती टोपलीत. पगार वाढणार होता. शेपटीवालीने पेढे मागितले. घरी नवऱ्याने दोन शेजाऱ्यांना आणि एका दूधवाल्याला सांगून टाकलं की आमची डावरी आता साहेबीण झाली.

दुसऱ्या दिवशी ती त्या खुर्चीवर बसली. खुर्चीला गादी होती, हात टेकायला दांडे होते. एकेक माशी समोर येई, ती भिंगातून बघे आणि उजव्या हाताने इकडे किंवा तिकडे टाकी. काम सोपं होतं. दुपारपर्यंत तिने डाव्या हाताला काहीच करू दिलं नाही आणि कुणी त्याला काही करायलाही सांगितलं नाही. आणि मग तिला ते लख्ख दिसलं. आईने पिशवी बांधली होती, मास्तरांनी पट्टी मारली होती, सासूबाईंनी पाणी ओतलं होतं, याने गादीची खुर्ची दिली होती. पद्धत चांगली होती, पण मतलब तोच. तिला असा राग आला की कानशिलं तापली. आधीच्या सगळ्यांचा राहिलेला रागही त्यात होता, हे मी तरी नाकारणार नाही.

ती उठली. कपाटातून आपला जुना शिकंजा काढला, खिडकीच्या लाकडी कठड्याला आवळून बसवला, तोंड आपल्या बाजूला फिरवलं आणि गळ लावला. सशाचे केस, पिसं, दोरा सगळं कठड्यावर मांडलं. तिने शेपटीपासून सुरुवात केली तेव्हा टेबलावरचे सगळे हात थांबले होते.

जावई आला. खुर्ची रिकामी दिसली, भिंगाखाली न तपासलेल्या माश्यांचा ढीग पडला होता. काय झालं, म्हणून त्याने विचारलं, तब्येत बरी नाही का. तपासायचं नसेल तर टेबलावर जागा आहे, पण तिथे उजव्या हाताने काम करावं लागेल, हे त्याने पुन्हा समजावलं. डावरीने दोऱ्याचा ताण न सोडता ऐकून घेतलं.

“साहेब,” ती म्हणाली, “मी उजव्या हातानं लिहिते. उजव्या हातानं जेवते. वाढते उजव्या हातानं. जे जे सोड म्हणाले ते ते सोडलं. हे नाही सोडणार. तुम्हाला काय करायचं ते करा.”

जावयाने जाऊन भिंगाचा दिवा बंद केला. मग म्हणाला की अशा सुट्या माश्या तो हिशेबात धरणार नाही, आणि माडीवरच्या खुर्च्या टेबलावर काम करणाऱ्यांसाठी आहेत. तिने मान हलवली आणि उभ्यानेच पंख लावायला घेतले. हाकलावं तर खाली म्हातारा रोज तिची चौकशी करायचा. त्यामुळे नव्याचे नऊ दिवस, दमली की येईल वळणावर, असं ठरवून जावई निघून गेला.

ती दमली, पण वळणावर आली नाही. सकाळी येऊन ती खिडकीशी उभी राही आणि संध्याकाळी झालेल्या माश्या एका पत्र्याच्या डबीत टाकून घरी जाई. त्या माश्या कुणी घेत नव्हतं. पाय सुजायला लागले. नवरा गरम पाण्याचं घमेलं आणून तिच्यापुढे ठेवी आणि स्वतःचे दुखरे गुडघे मोडून खाली बसून तिचे पाय चोळी. हट्टाला औषध नसतं, हे तो रोज न चुकता सांगे. एकदा मात्र पाय पुसता पुसता तो म्हणाला की ड्रायव्हर असताना एका गाडीचं स्टिअरिंग त्याच्याकडून काढून घेतलं होतं आणि त्याला महिनाभर तिकिटं फाडायला बसवलं होतं. ते त्याने तिला कधी सांगितलं नव्हतं. मग तो घमेलं उचलून मोरीत गेला.

टेबलावर काम चालू होतं, म्हणजे शिकंजे सरकत होते. पण माशी एका अंगावर कलंडली की शेपटीवाली म्हणे पंख वाकडे, पंखवाली म्हणे अंग जाड, आणि गाठोडं म्हणे माझ्याकडे आली तेव्हाच ती अशी होती. पूर्वी या बायका आपापल्या माशीवरून फुशारक्या मारत आणि एकमेकींच्या माश्यांची टिंगल करत. आता टिंगल करायलाही कुणाची माशी उरली नव्हती. जेवायच्या सुट्टीत पंखवाली एकदा डबा घेऊन डावरीजवळ आली. तिचा चेहरा उतरलेला होता. डावरीला वाटलं घरी मूल आजारी असेल.

“मावशी, माझ्या हातून किती पंख गेले असतील,” ती म्हणाली. “एकसुद्धा माशी माझी नाही. मला अख्खी शिकवा.”

डावरीने डबा बाजूला ठेवला. पंखवाली आपला शिकंजा शेजारी आवळून तिचं पाहत बांधायला लागली आणि पहिल्याच वेढ्यापासून गोंधळली. मावशीचा दोरा जातो तिकडून हिचा येईना, मावशी ज्या हाताने पीस धरे तो हिचा रिकामा राही. दोघींचे कोपर एकमेकींना लागायला लागले. पंखवालीने पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा दोऱ्याचा गुंता झाला. तुमचं सगळंच उलटं आहे हो, ती रडकुंडीला येऊन म्हणाली, आणि आपण काय बोललो हे कळून मान खाली घालून गुंता सोडवायला लागली. डावरीने तिच्याकडे पाहिलं. मग तिने आपला शिकंजा कठड्यावरून सोडवला, लांब टेबलाच्या कडेला आवळला आणि पंखवालीला तिचा शिकंजा घेऊन टेबलाच्या पलीकडे, अगदी समोर बसायला सांगितलं.

आता सगळं आरशात पाहावं तसं झालं. मावशीचा डावा हात वर गेला की पंखवालीचा उजवा वर जायचा. मावशीचं पीस ज्या बाजूला वळे त्याच बाजूला हिचं वळे. तिला काही उलटवून घ्यावं लागत नव्हतं, नुसतं समोर दिसेल तसं करायचं होतं. जन्मभर जिला उलटी म्हणून घेतलं, तिच्यासमोर बसल्यावर सगळं सुलट दिसत होतं, आणि हे डावरीलाही त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं. कारण तिच्यासमोर बसून शिकायला आजवर कुणी आलंच नव्हतं. तिला इतका आनंद झाला की तिने पंखवालीला उगीचच दोन शिव्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी झालरवाली आली. मग शेपटीवाली, तोंड वाकडं करत, मी नुसती बघायला आलेय म्हणत. गाठोड्याला खुर्ची सरकवताना टेबल हललं आणि सगळ्यांचे दोरे ढिले झाले. जेवणं उरकून बायका आपापले शिकंजे खाचेतून काढून टेबलाच्या एका बाजूला मांडत आणि दुसऱ्या बाजूला डावरी एकटी, उभीच, माशी बांधत जाई. तोंड चालूच असे. तुझी शेपूट आहे की केरसुणी. पंख जोडीचे घे, बदकाच्या उजव्या पंखातलं एक आणि डाव्यातलं एक. दोन्ही एकाच बाजूचे लावलेस तर माशी पाण्यावर भिंगरीसारखी फिरेल. बदकालाही दोन्ही बाजू लागतात, बये, तुला नकोत होय.

एका दुपारी सुट्टी संपली आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. काठ्या घेऊन गळवाले नदीवर यायचे दिवस तोंडावर आले होते, खाली दुकानात वर्दळ वाढली होती, म्हणून जावई लगबगीने वर आला आणि दारातच थांबला. खाच रिकामी होती. सगळ्या बायका एका रांगेत बसल्या होत्या, प्रत्येकीसमोर शिकंजा, प्रत्येकीच्या शिकंजात अर्धीमुर्धी, वाकडीतिकडी, पण पहिल्यापासून तिनेच धरलेली माशी. कुणी मान वर केली नाही.

सुट्टी संपली, आपापल्या जागी बसा, तो म्हणाला. नेहमीसारखं हळूच म्हणाला. शेपटीवालीची चुळबुळ झाली, पण दोरा हातात ताणलेला होता, सोडला असता तर सगळं उसवलं असतं. ती बसून राहिली. मग त्याने डावरीकडे पाहिलं आणि हे तुम्ही शिकवलंत का म्हणून विचारलं. तिने हो म्हटलं.

“आता या सगळ्या अख्खी माशी मागतील,” तो म्हणाला.

“मागू द्या. हात त्यांनाही आहेत.”

“आणि मी नाही म्हटलं तर?”

डावरीने माडीभर नजर फिरवली. रस्त्याच्या बाजूला, नदीच्या बाजूला, जिन्याजवळ.

“तर या माडीला खिडक्या पुष्कळ आहेत, साहेब.”

गाठोडं फिस्सकन हसली आणि तिने तोंडावर हात दाबला. जावयाने तिच्याकडे पाहिलं नाही. नेमक्या त्याच वेळी पंखवालीने शेवटची गाठ ओढली, दोरा कापला आणि आपली माशी शिकंजातून काढून टेबलावर टाकली. चांगली माशी टेबलावर टाकली की शेपूट आणि झालर टेकून उभी राहते. ही एका अंगावर आडवी झाली. जावयाने वाकून ती चिमटीत उचलली. त्याच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काहीतरी आलं होतं. आता बोलायला त्याच्या हाताशी काहीतरी होतं. माशी उंच धरून, सगळ्यांना दिसेल अशी, तो बोलायला तोंड उघडणार एवढ्यात पंखवाली उठून उभी राहिली.

“ती खाली ठेवा,” ती म्हणाली. “माझी आहे.”

डावरीला वाटलं आपण मध्ये पडावं, आणि लगेच वाटलं की पडू नये. पंखवालीने हात पुढे केला होता आणि तो ती मागे घेत नव्हती. जावयाने माशीकडे पाहिलं, त्या हाताकडे पाहिलं, आणि माशी जिथून उचलली होती तिथे ठेवली. खालून म्हाताऱ्याचा आवाज आला, गिऱ्हाईक आलंय, तयार माश्या पाठवा. जावयाने कठड्यावरची डावरीची पत्र्याची डबी उचलली, उघडली, आतल्या माश्या पाहिल्या आणि झाकण लावून जिन्याकडे निघाला. दाराशी त्याचा पाय अडखळला.

“खिडकीशी एक खुर्ची लावून घ्या,” तो पाठमोराच म्हणाला.

“खिडकीशी नको,” डावरी म्हणाली. “टेबलाशी. डाव्या टोकाला, म्हणजे माझं कोपर कुणाला लागणार नाही. आणि माझा हात हिशेबात धरा.”

तो वळला. कुणीतरी खुर्ची उचलेल म्हणून त्याने टेबलाकडे पाहिलं, पण एकीचाही हात मोकळा नव्हता. मग त्याने डबी काखेत मारली आणि दाराशी ठेवलेली गादीची खुर्ची स्वतःच उचलून आणली.